पगाराची शीट आणि एप्रिलची पगारवाढ : पुण्यातल्या एका सॉफ्टवेअर कंपनीचं प्रकरण

कंपनीची आणि माणसांची ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. पगाराचे आकडेही थोडे मागेपुढे केले आहेत, पण त्यांचं आपसातलं प्रमाण आणि घटनांचा क्रम तसाच ठेवला आहे. त्या वेळी मी कंपनीच्या डेटा टीममध्ये होते आणि डेव्हलपरांनी आपापले पगार भरलेल्या एका शीटची छाननी माझ्याकडे आणि वित्त विभागातल्या एका सहकाऱ्याकडे आली होती.

पार्श्वभूमी

बाणेरमधली ही कंपनी मालवाहतूकदारांसाठी सॉफ्टवेअर बनवते. माणसं दीडशेच्या आत, त्यांतले निम्म्याहून जास्त डेव्हलपर. २०२१ आणि २०२२ ही वर्षं पुण्यातल्या बहुतेक सॉफ्टवेअर कंपन्यांसारखीच इथेही गेली. नव्वद दिवसांच्या नोटीस पिरियडमध्ये उमेदवार तीन-तीन ऑफर गोळा करायचा आणि जॉइन व्हायच्या दिवशी फोन उचलायचा नाही. जागा भरायच्या म्हणून कंपनीने त्या काळात नव्यांना चढ्या पगारावर घेतलं. २०२२च्या शेवटी अमेरिकेतल्या मोठ्या कंपन्यांनी कपात सुरू केली, स्टार्टअपचा पैसा आटला आणि २०२३ उजाडलं तेव्हा भरती थंडावली होती. जुन्यांचे पगार मात्र दरवर्षीच्या आठ-दहा टक्क्यांच्या वाढीनेच पुढे सरकत आले होते.

फेब्रुवारी २०२३मध्ये डेव्हलपरांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक गूगल शीट फिरू लागली. फॉर्म भरायचा, नाव द्यायचं नाही. रकाने चारच : कंपनी, अनुभवाची वर्षं, तंत्रज्ञान आणि ‘पॅकेज’. महिनाभरात शीटवर काहीशे नोंदी जमल्या. मार्चच्या पहिल्या आठवड्यात बॅकएंडच्या, म्हणजे सॉफ्टवेअरचा पडद्यामागचा भाग लिहिणाऱ्या, काही ज्येष्ठ डेव्हलपरांनी मिळून एचआर प्रमुखांना मेल पाठवली. सूर सभ्य होता, मुद्दा सरळ होता. चार ते सात वर्षं अनुभवाच्या बॅकएंड डेव्हलपरचं शीटमधलं मध्यक पॅकेज (निम्मे ज्याच्या वर आणि निम्मे ज्याच्या खाली, असा मधला आकडा) २५ लाख येतं, आपल्याकडे त्याच अनुभवाला १८ लाख मिळतात, एप्रिलच्या वाढीत हे अंतर धरा.

एचआर प्रमुखांचं उत्तर त्याच दिवशी आलं : अशा शीटवर कोणीही काहीही लिहितं, २५ लाख कोणी देत नाही. दुसऱ्या मेलमध्ये त्यांनी नेमणूकपत्रातल्या गोपनीयतेच्या कलमाची आठवण करून दिली. त्याने वातावरण जास्तच तापलं. संस्थापकांनी दोन्ही बाजू ऐकल्या आणि आम्हा दोघांना बोलावून विचारलं, “ही शीट कितपत खरी आहे, एवढंच मला सांगा. पगारवाढीची पत्रं १५ एप्रिलला जायला हवीत.”

अडचण कशाची होती

प्रश्न ‘शीट खरी की खोटी’ असा मांडला की दोन्ही बाजूंना आपापलं उत्तर आधीच ठाऊक असतं. पगारवाढीची एकूण रक्कम संचालक मंडळाने ठरवून दिली होती, ती वाढणार नव्हती. शीट प्रमाण मानली, तर सगळी रक्कम बॅकएंडच्या एका गटात संपत होती आणि टेस्टिंग, सपोर्ट आणि फ्रंटएंड, म्हणजे वापरणाऱ्याला दिसणारा भाग लिहिणारे, कोरडे राहत होते. शीट धुडकावली आणि बाजार खरोखरच पुढे गेलेला असला, तर मालवाहतुकीचे नियम ज्यांच्या डोक्यात आहेत तेच लोक सोडून जाणार होते. त्यामुळे आम्हाला शोधायचं होतं ते वेगळं : या शीटमधली कोणती गोष्ट निर्णयाचा भार पेलू शकते आणि कोणती नाही.

शीट जवळून पाहिली तेव्हा

पहिली सफाई सोपी होती. पॅकेजच्या रकान्यात आकडा कसाही लिहायची मुभा होती. कोणी २२ लिहिलं होतं, कोणी २२,००,०००, कोणी २२ एलपीए, म्हणजे वर्षाला इतके लाख. एका नोंदीत १.३ होतं. सहा वर्षांच्या अनुभवाला वर्षाला एक लाख तीस हजार असणं शक्य नाही, तो महिन्याचा आकडा होता. अशा नोंदी ओळखू येतात. पण कोणी ९ लिहिलं असेल, तर ते कमी पगाराचं खरं पॅकेज की वर्षभरात हातात पडणारी रक्कम, हे ओळखता येत नाही. हा घोळ घरगुती शीटपुरता नाही. स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या साइटच्या जगभरच्या वार्षिक सर्वेक्षणात काही वर्षं पगारासोबत तो आठवड्याचा, महिन्याचा की वर्षाचा हेही विचारलं जायचं. मग महिन्याचा आकडा बाराने आणि आठवड्याचा पन्नासने गुणून वर्षाचा काढायचे. ज्याने वार्षिक पगार लिहून चुकून ‘महिना’ निवडला, तो एका क्लिकसरशी बारापट श्रीमंत झाला. म्हणून त्यांना वरच्या टोकाचे आकडे छाटावे लागत.

दुसरी गोष्ट हाताला लागली ती पुण्या-बंगळूरच्या नोकरीबाजाराची खास आहे. काही नोंदी पगाराच्या नव्हत्याच, ऑफरच्या होत्या. नोटीस पिरियडमध्ये मिळालेली सर्वांत मोठी ऑफर माणसाने भरली होती, आणि जॉइन तो भलतीकडेच झाला होता किंवा काउंटर ऑफर, म्हणजे जुन्या कंपनीनेच थांबवण्यासाठी वाढवून दिलेला पगार, घेऊन जागच्या जागी राहिला होता. शीटमध्ये नोंद कधी केली ती तारीख होती, तो पगार कधी ठरला ती नव्हती. त्यामुळे २०२२च्या तेजीतली ऑफर आणि २०२३च्या मंदीतला पगार एकाच रांगेत शेजारी बसले होते.

तिसरी आणि सगळ्यात मोठी गोष्ट ‘पॅकेज’ या रकान्यात दडलेली होती. एका सहकाऱ्याने स्वतःचं ऑफर लेटर आम्हाला दाखवलं. त्यावर शेवटी ठळक अक्षरात २४ लाख होते. त्यातले मूळ वेतन, घरभाडे भत्ता आणि विशेष भत्ता मिळून १७ लाख ५० हजार. कंपनीचा पीएफचा वाटा, म्हणजे ८ लाखांच्या मूळ वेतनावर (बेसिकवर) १२ टक्के, ९६ हजार. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, ३८ हजार ४८०. ही रक्कम पाच वर्षं पुरी केली तरच पदरात पडते. गटविम्याचा हप्ता १५ हजार ५२०. इथवर १९ लाख होतात. त्यावर अडीच लाख व्हेरिएबल, तेही कंपनीची आणि माणसाची कामगिरी शंभर टक्के झाली तर. आणि अडीच लाख जॉइनिंग बोनस, एकदाच मिळणारा, वर्षाच्या आत सोडलं तर परत द्यावा लागणारा.

हाच माणूस २४ म्हणाला तरी खरं बोलतो, साडेएकवीस म्हणाला तरी खरं, १९ म्हणाला तरी, आणि पगारपत्रक बघून साडेसतरा म्हणाला तरीही. तेव्हाच्या नव्या करपद्धतीचे दर लावून कर आणि स्वतःचा पीएफ वजा केला, की महिन्याला हातात एक लाख वीस हजारांच्या आसपास उरत होते. घरी आईवडिलांना तो हा शेवटचा आकडा सांगतो, लग्नाच्या बायोडेटात पहिला. शीटमध्ये कोणता भरला असं विचारल्यावर तो म्हणाला, “ऑफर लेटरवरचा शेवटचा आकडा टाकला. सगळे तोच सांगतात ना.”

आणि इथे एक गोष्ट उघडी पडली, जी दोन्ही मेलमध्ये कोणाच्या लक्षात आली नव्हती. आमच्याकडचे म्हणून जे १८ लाख सांगितले जात होते, ते व्हेरिएबल वगळून धरलेले होते. एचआरच्या वेतनश्रेण्या निश्चित सीटीसीवर, म्हणजे कंपनीच्या एका माणसावरच्या वार्षिक खर्चातल्या ठरलेल्या भागावर, बांधलेल्या, त्यामुळे अंतर्गत बोलण्यात तोच आकडा रुळला होता. म्हणजे बाजाराचा आकडा सगळं धरून आणि आमचा आकडा व्हेरिएबल सोडून, अशी ती तुलना चालली होती. सात लाखांच्या अंतरातला किती भाग निव्वळ या मोजणीतून आला, ते आधी काढणं भाग होतं.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय एचआर प्रमुखांचा : शीट बाजूला ठेवा आणि गोपनीयतेच्या कलमाखाली मेल लिहिणाऱ्यांना समज द्या. संस्थापकांनी तो त्याच बैठकीत नाकारला. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय होता, आणि तो दोन मिनिटांत झाला. लोकांना पगारावर बोलायची भीती घातली असती, तर पुढची पडताळणी शक्यच नव्हती.

दुसरा पर्याय कंपन्यांकडून माहिती घेणारं सर्वेक्षण विकत घेण्याचा. एऑन, मर्सर यांसारख्या संस्था अशी सर्वेक्षणं करतात. त्यात आकडे पगारखात्यातून येतात, त्यामुळे घटकांची सरमिसळ होत नाही आणि पदांची तुलना ठरलेल्या पद्धतीने होते. पण त्यात सहभागी होतात त्या बहुतांशी मोठ्या कंपन्या, आमच्या आकाराच्या कंपन्या कमी. शिवाय आकडे काही महिने जुने असतात. अमेरिकेत तर १९९०च्या दशकापासून याचे ठोकताळेच होते : माहिती तीन महिन्यांहून जुनी हवी, निदान पाच कंपन्यांची हवी, एकीचा वाटा २५ टक्क्यांवर जायला नको, नाहीतर कंपन्यांनी पगार संगनमताने दाबले असा आरोप येऊ शकतो. गंमत म्हणजे अमेरिकेच्या न्याय विभागाने हे ठोकताळे मागे घेतले ते याच फेब्रुवारी २०२३मध्ये. आमच्यापुढची अडचण त्याहून साधी होती. खर्च मोठा होता आणि अहवाल हातात येईपर्यंत १५ एप्रिल उलटून जाणार होता.

तिसरा पर्याय फुकट मिळणाऱ्या सार्वजनिक आकड्यांचा. नोकरी डॉट कॉम चालवणाऱ्या इन्फो एजचं अँबिशनबॉक्स, ग्लासडोअर, लेव्हल्स डॉट एफवायआय, स्टॅक ओव्हरफ्लो. हे सगळे पाहिले, पण ते सगळे स्वतःहून भरलेलेच आकडे. लेव्हल्सवर मूळ पगार, शेअर आणि बोनस वेगळे विचारतात, ही मोठी जमेची बाजू. पण तिथे वजन मोठ्या आंतरराष्ट्रीय कंपन्यांचं. स्टॅक ओव्हरफ्लोच्या त्या वर्षीच्या सर्वेक्षणाला पुढे जगभरातून सुमारे ९० हजार जणांनी उत्तरं दिली, पण त्यातल्या जेमतेम निम्म्यांनी वापरता येईल असा पगाराचा आकडा दिला. ते लोक मुख्यतः स्टॅक ओव्हरफ्लोच्याच साइटवरून आणि मेल याद्यांतून येतात, हे ती संस्था स्वतः सांगते. आमच्या चार-सात वर्षांच्या पुण्यातल्या बॅकएंड डेव्हलपरपर्यंत पोहोचेतो त्या डोंगरातून मूठभर माती उरते.

न्यू जर्सीत गेलेल्या आमच्या एका जुन्या सहकाऱ्याने तिकडच्या एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या नोंदींकडे बोट दाखवलं. तिथे कंपनी श्रम खात्याकडे अर्ज करताना पगार लिहून देते आणि त्या नोंदी सार्वजनिक होतात. आपल्याकडचे कितीतरी जण नोकरी बदलण्याआधी त्या बघतात. तो आकडा जबाबदारीने दिलेला असतो खरा, पण त्यात शेअर आणि बोनस येत नाहीत, आणि आमच्या प्रश्नाला त्याचा काही उपयोग नव्हता. मला त्यातून एकच गोष्ट घेण्यासारखी वाटली : कोणता घटक धरायचा ते तिथे अर्जानेच ठरवून दिलेलं असतं.

चौथा पर्याय, जो आम्ही निवडला, तो शीटचाच छोटा तुकडा कागदपत्रांवर घासून बघण्याचा.

पडताळणी कशी केली

इथे एक निर्णय पटकन घ्यावा लागला. नवीन माणूस घेताना आधीच्या कंपनीच्या तीन महिन्यांच्या सॅलरी स्लिप मागायची आपल्याकडे सरसकट पद्धत आहे, त्यामुळे एचआरच्या फायलींत बाजारातल्या पगाराचे पुरावे आयते पडून होते. एचआर प्रमुखांनी ते वापरायचं सुचवलं. आम्ही नको म्हटलं. लोकांनी ती कागदपत्रं नोकरीसाठी दिली होती, या कामासाठी नाही. आणि तसं केल्याचं कळलं असतं, तर शीट भरणाऱ्यांचा कंपनीवरचा उरलासुरला विश्वास गेला असता.

त्याऐवजी गेल्या दीड वर्षात जॉइन झालेल्यांना विचारलं : तुम्ही शीट भरली असेल, तर तुमची ओळ दाखवाल का आणि ऑफर लेटर व पगारपत्रक बघू द्याल का? नाव, पॅन आणि यूएएन (पीएफ खात्याचा क्रमांक) झाकून. कागद आम्ही दोघांनीच बघायचे, छायाप्रत ठेवायची नाही, एचआरकडे काहीही जाणार नाही. वीसेक जण तयार झाले. नाव झाकण्याला फारसा अर्थ नव्हता, हे खरं. कंपनीचं नाव, साडेसहा वर्षांचा अनुभव आणि एखादी कमी वापरातली भाषा एवढं कळलं, की आमच्या मजल्यावर कोणीही त्या माणसाचं टेबल दाखवू शकतं. शीट निनावी आहे या समजावर लोक ती भरत होते, आणि छोट्या कंपनीपुरता तो समज कच्चा होता. हे आम्ही त्यांना सांगितलं. दोघांनी त्यानंतर शीटवरची आपली ओळच काढून टाकली.

मिळालेलं उत्तर दोन्ही बाजूंच्या अपेक्षेपेक्षा निराळं होतं. सरळसरळ फुगवलेला आकडा जवळजवळ सापडलाच नाही. दोन-तीन जणांनी वरच्या पूर्णांकाला नेलं होतं, १३.६ चे १४ केले होते. एकाने न स्वीकारलेली ऑफर लिहिली होती. बाकीच्यांनी लिहिलेला आकडा त्यांच्या कागदावर कुठे ना कुठे छापलेला होता, फक्त प्रत्येकाने निराळी ओळ उचलली होती. बहुतेकांनी सगळ्यात खालची, सगळं धरून येणारी. वरच्या टोकाला उलट प्रकार होता. मोठ्या उत्पादन कंपनीतून, म्हणजे स्वतःचं सॉफ्टवेअर बनवून विकणाऱ्या कंपनीतून, आलेल्या दोघांनी आपले शेअर धरलेच नव्हते, “ते काय, विकेपर्यंत कागदच” म्हणून. त्यांचा खरा मोबदला शीटपेक्षा जास्त होता.

खालच्यांनी थोडं वर नेणं आणि वरच्यांनी कमी सांगणं, ही गोष्ट अर्थशास्त्रात जुनी आहे. जॉन बाउंड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी १९९१मध्ये अमेरिकेतल्या घरोघरच्या पाहणीत लोकांनी सांगितलेली कमाई सामाजिक सुरक्षा खात्याच्या नोंदींशी ताडून पाहिली होती. चुका दोन्ही दिशांना वाऱ्यावर पसरलेल्या नव्हत्या, त्या मधल्या आकड्याकडे झुकलेल्या होत्या, असं त्यांना आढळलं. त्यांच्या माहितीत आणि आमच्या वीस कागदांत तुलना होऊ शकत नाही, पण दिशा ओळखीची होती. परिणाम असा, की शीटमध्ये वरच्या आणि खालच्या पगारातलं अंतर प्रत्यक्षाहून कमी दिसतं.

मग सगळे एका मापावर आणले. निश्चित सीटीसी हे माप धरलं : पीएफ, ग्रॅच्युइटी, विमा आत, व्हेरिएबल, एकदाचा बोनस आणि शेअर बाहेर. कागद पाहिलेल्या नोंदींवरून जो साधारण गुणक आला, तो ऑफरी आणि दुहेरी नोंदी काढून उरलेल्या शीटला लावला. २५ लाखांचा मध्यक २० ते साडेएकवीसच्या दरम्यान आला. सात लाखांचं अंतर दोन ते साडेतीनवर उतरलं. पट्टाच सांगितला, एक आकडा नाही. वीस कागदांवरून दशांशापर्यंत बोलणं लोकांची दिशाभूल ठरलं असतं.

जे सफाईने सुटत नव्हतं

उरलेलं अंतर खरं होतं का? याचं उत्तर शीट देऊ शकत नव्हती, कितीही घासली तरी. शीट कोणी भरली हा प्रश्न उरतोच. नुकती नोकरी बदललेला माणूस भरतो, कारण आकडा ताजा असतो आणि सांगावासा वाटतो. हिंजवडीतल्या मोठ्या सेवा कंपन्यांत, म्हणजे दुसऱ्या कंपन्यांसाठी सॉफ्टवेअरचं काम करून देणाऱ्यांत, हजारोंनी डेव्हलपर आहेत, नव्या पदवीधराचं पॅकेज जिथे साडेतीन लाखांच्या आसपास वर्षानुवर्षं रेंगाळलं. त्यांच्या नोंदी शीटमध्ये बोटांवर मोजण्याइतक्या. चार-सात वर्षं एकाच जागी राहिलेला माणूस तर जवळजवळ नव्हताच. म्हणजे शीट दाखवत होती तो बाजार म्हणजे नुकतीच नोकरी बदललेल्यांचा बाजार. सोडून जायचं मनात असलेल्या माणसासाठी तोच खरा बाजार असतो, हेही तितकंच खरं. कंपनीने मात्र शंभर टक्के लोकांना नुकत्याच हलणाऱ्यांच्या भावाने पगार द्यायचे की नाही, हा हिशेबाचा प्रश्न नाही, धोरणाचा आहे. ते आम्ही संस्थापकांना तसंच सांगितलं.

पण शीटमध्ये एक गोष्ट अशी होती जिच्यावर या कशाचाच परिणाम होत नव्हता. आमच्याच कंपनीच्या म्हणून ज्या नोंदी होत्या, त्यांत २०१८-१९ला लागलेले आणि २०२१-२२ला लागलेले, दोन्ही होते. अनुभव सारखा, काम सारखं, आणि जुने सरळ खाली. ऑफर लेटरची पद्धत दोघांची एकच, त्यामुळे पॅकेजची व्याख्या कशीही असली, तरी दोन्हीकडे सारखीच लागू होत होती. वित्त विभागातल्या सहकाऱ्याने त्याच संध्याकाळी पगारखात्यातून ही तुलना काढली. पाच वर्षांत कामाचा सगळा गाभा ज्यांनी बांधला, ते डेव्हलपर आपल्याच हाताखाली शिकलेल्या नव्यांपेक्षा दीड ते अडीच लाखांनी मागे होते.

मेलमधला रागही बहुधा याचाच होता. २५ लाखांचा आकडा दाखवायला सोपा म्हणून पुढे आला.

काय केलं

सरसकट वाढीऐवजी ठरलेल्या रकमेतला मोठा भाग जुन्यांचं अंतर भरायला वापरला. २०२१-२२च्या तेजीत आलेल्यांना त्या वर्षी नाममात्र वाढ मिळाली. टेस्टिंग आणि सपोर्टमध्येही तेच अंतर सापडलं. तिथे शीटमुळे कोणाचं लक्ष गेलं नव्हतं, कारण शीट डेव्हलपरांची होती. श्रेण्यांचे पट्टे सर्वांना दाखवले आणि त्यात काय धरलंय, काय नाही, ते पहिल्या ओळीत लिहिलं.

पत्रं जाण्याआधी सगळ्यांची बैठक झाली. एका डेव्हलपरने थेट विचारलं, “म्हणजे आमची शीट चुकीची होती?” संस्थापकांनी सांगितलं की शीटवरचा बाजारभाव आम्ही जसाच्या तसा मानलेला नाही, पण तुमचं मागे पडणं आम्ही आमच्या पगारखात्यात पाहिलं आणि ते खरं आहे. एचआर प्रमुख त्या बैठकीत उठून बोलल्या आणि गोपनीयतेच्या कलमाचा उल्लेख असलेली मेल मागे घेतली. हे त्यांनी स्वतःहून केलं, आणि पुढचे काही महिने सुरळीत जायला त्याचा मोठा हात होता.

परिणाम

मेल लिहिणाऱ्यांपैकी बहुतेक जण राहिले. दोघं वर्षभरात गेले. त्यांतला एक एका मोठ्या उत्पादन कंपनीच्या पुणे केंद्रात, आणि त्याला मिळालेली निश्चित रक्कम २५ लाखांच्या वरच होती. म्हणजे २५ लाख कोणी देत नाही हे म्हणणंही खरं नव्हतं. तो आकडा बाजारात होता, फक्त मध्यावर नव्हता.

नाममात्र वाढ मिळालेल्या नव्यांमध्ये नाराजी राहिली. त्यांचं म्हणणं रास्त होतं : आम्ही भाव ठरवला नव्हता, कंपनीनेच दिला होता. त्यातले तिघं सोडून गेले आणि त्यांच्या जागा भरताना २०२२पेक्षा कमी पगारात माणसं मिळाली. हिशेबाने कंपनीचं भलं झालं, त्या तिघांचं झालं की नाही सांगता येत नाही.

वेगळं काय करता येईल

हे प्रकरण मार्चमध्ये पेटलं आणि एप्रिलमध्ये मिटवायचं होतं, त्यामुळे पडताळणी फक्त नव्याने आलेल्यांची झाली. सोडून गेलेल्यांकडून माहिती घेतली असती, तर चित्र जास्त पूर्ण झालं असतं. सोडणारा माणूस शेवटच्या दिवशी मोकळेपणाने बोलतो. त्याला नव्या ऑफरचे घटक वेगवेगळे विचारून ठेवले, तर वर्षभरात पुरेसे कागद जमतात. त्यासाठी आधी संमतीचा साधा मजकूर आणि आकडे किती काळ ठेवणार हे ठरवलेलं हवं.

दुसरं, शीट चालवणाऱ्यांसाठी. शेकडो स्वयंघोषित नोंदींपेक्षा एक छोटी, पण पूर्ण यादी जास्त कामाची आहे. एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या २०१७च्या संगणक शाखेची एक तुकडी घ्या, साठ-सत्तर नावं, आणि प्रत्येकाला फोन करा. जे उत्तर देत नाहीत त्यांचीही संख्या आपल्याला माहीत असते, आणि ते कोण आहेत, कुठल्या कंपनीत आहेत याचा अंदाजही वर्गमित्रांना असतो. व्हॉट्सअ‍ॅपवर फिरणाऱ्या फॉर्मला ही सोय कधीच मिळत नाही. तिथे कोण भरत नाही हे कुणालाच कळत नाही.

तिसरं, मध्यकासोबत खालचा आणि वरचा चतुर्थक, म्हणजे मधले निम्मे लोक ज्या दोन आकड्यांच्या दरम्यान येतात ते आकडे, कायम द्यावेत. ‘मध्यक २५’ म्हटलं की प्रत्येक जण स्वतःला मध्याच्या वर धरतो आणि आपण फसवलो गेलो असं समजतो. पट्टा दिसला, तर निदान आपण पट्ट्यात कुठे आहोत आणि का, हे विचारता येतं.

शीट चालवणाऱ्यांशी आमचं नंतर बोलणं झालं आणि त्यांनी फॉर्म बदलला. आता मूळ निश्चित रक्कम, व्हेरिएबल, एकदाचा बोनस आणि शेअर वेगळे भरायचे असतात. पगार लागू झाल्याचा महिना द्यायचा असतो. ऑफर की प्रत्यक्ष जॉइन हेही निवडावं लागतं. आकडे पुष्कळ स्वच्छ झाले. पण फॉर्म लांबला तशा नोंदी घटल्या, आणि घटल्या त्या मुख्यतः कमी अनुभवाच्या मुलांच्या, ज्यांना ऑफर लेटर काढून चार रकाने भरायचा कंटाळा येतो किंवा ज्यांच्या कागदावर शेअर आणि बोनसचे रकाने रिकामेच आहेत. त्या रिकाम्या रकान्यांपुढे शून्य आधीच भरून ठेवायचं आणि फक्त एक आकडा विचारायचा, असा प्रयोग ते सध्या करत आहेत.